हौसाचा चुडा

पहिली बांगडी वाढली तेव्हा सोप्यात बसलेल्या सगळ्या बायका गप्प झाल्या. आम्हा कासारांत बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढली म्हणायचं. पण वाढली म्हटलं म्हणून आवाज काही निराळा येत नाही. काच तडकली, दोन हिरवे तुकडे सारवलेल्या जमिनीवर पडले आणि भिंतीला टेकून बसलेली नवरीची आई सरळ झाली.

मी नवरीचा हात माझ्या मांडीवर दाबून धरला आणि म्हणाले, "हात हाय का नांगराचा फाळ, गं?"

दोघीतिघी हसल्या. चुडा भरताना कासारणीनं नवरीची थट्टा करावी, अशी रीतच आहे. माझी थट्टा तर ऐकायला बायका मुद्दाम जवळ सरकून बसायच्या. शेवंताबाईच्या टोपलीपेक्षा तिची जीभ जास्त वाजते, असं म्हसवडच्या बाजारात म्हणायचे, आणि मला ते आवडायचं. नवरी मात्र हसली नाही. तिनं मान खाली घातली आणि हात काढून घ्यायला बघितलं. मी तो सोडला नाही.

तिचं नाव हौसा. देवापूरच्या वाटेवर पिसाळांचा मळा आहे, तिथली ही थोरली लेक. त्या दिवशी तिची हळद होती. दुपारपर्यंत मार्डीहून नवऱ्याकडच्या बायका उष्टी हळद घेऊन यायच्या होत्या, आणि त्या यायच्या आत चुडा भरून व्हायला हवा होता. हळदीच्या अंगाला मोकळा हात चालत नाही.

पिसाळांचं घर आमच्याकडचं. म्हणजे त्या घरच्या नवरीमुलींचे चुडे माझ्या सासूनं भरले, सासूनंतर मी. घरचं कार्य निघालं की दुसऱ्या कासाराला बोलवत नाहीत. असली किती घरं आपल्याकडे आहेत यावर कासारणीची किंमत. माझी सून कुंदा धंद्यात तयार झाली होती, बाजारात पाल लावून बसायची, बायका तिच्याकडे खुशीनं जायच्या. पण नवरीचा चुडा मी तिला भरू दिला नव्हता. ज्या दिवशी सून नवरीचा चुडा भरते त्या दिवशी घरं तिची होतात आणि सासू परसात तांदूळ निवडत बसते. मी माझ्या सासूला तसं बसवलं होतं, म्हणून मला माहीत होतं.

आणि माझा हात हलायला लागला होता.

उजवा हात. कोंबडीचं पिल्लू ओंजळीत धरलं की ते आतल्या आत कसं धडधडतं, तसा. कामात असला की कमी, रिकामा असला की जास्त, आणि कुणी बघतंय असं वाटलं की फारच. मी कुणाला बोलले नव्हते. मालकांनाही नाही. चहा घ्यायचा तर भांडं खाली ठेवून, वाकून. पदराचं टोक कायम त्या मुठीत. माझ्या स्वतःच्या बांगड्या मी कोपराकडे चढवून घट्ट बसवायची, नाहीतर हात हलला की त्या वाजायच्या आणि माझी मीच चुगली केल्यासारखं व्हायचं. बांगडी भरताना सगळा जोर पंजात आणायची. जोर आणला की हात थांबायचा. थोडा वेळ तरी थांबायचाच.

त्या दिवशी थांबत नव्हता.

दुसरी बांगडी मी बोटांवरून नीट घेतली, अंगठ्याच्या मुळापाशी आणली आणि दाबली. हौसाच्या उजव्या अंगठ्याचं हाड वर आलेलं होतं. लहानपणी म्हशीनं दावं ओढलं, त्यात अंगठा सापडला, आणि मग तो कसाबसा जुळला तसाच राहिला. शिवाय मुळातलाच रुंद पंजा धारा काढून, वैरण तोडून पुरुषासारखा झालेला. मुलगी कामाची, गोरीपान, पण बघायला आलेले लोक चहाचा कप घेताना तिचा हात बघायचे आणि निरोप पाठवतो म्हणून जायचे. हे मळ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. मार्डीचं स्थळ जुळलं तेव्हा तिच्या आईनं खंडोबाला भंडारा वाहिला होता.

दुसरी बांगडी हाडावर अडली, माझ्या बोटांत करकरली आणि वाढली. ह्या वेळी काच तिच्या अंगठ्याच्या मुळाशी गेली. रक्ताचा थेंब आला. तिनं नुसतं ओठ मिटले.

"शेवंताबाई, माप चुकलं का काय?" गजराआत्या म्हणाली. ही हौसाच्या बापाची बहीण. माहेरच्या कार्यात तिचाच शब्द चालायचा.

माप चुकलं का, हे मला विचारायचं म्हणजे हलवायाला साखर गोड आहे का विचारायचं. माझी ख्यातीच ती होती. मी मापाचं कडं कधी वापरलं नाही. बाई लांबून येताना दिसली की मी तिच्या बांगडीचं माप सांगायची आणि ते चुकायचं नाही. पण हौसाच्या बाबतीत ते चुकलं होतं, आणि का चुकलं तेही मला माहीत होतं. महिन्यापूर्वी मायलेकी चुड्याचं सांगायला बाजारात आल्या तेव्हा पोरीनं दोन्ही हात पदराखाली धरले होते. आईनं म्हटलं, मावशीला हात दाखव. ती आणखीच आक्रसली. हात धरून बघावा, तर पालात दहा बायका बसलेल्या, आणि त्या पोरीचा हात हातात घ्यायचा म्हणजे माझा हात बाहेर काढायचा. मी म्हणाले, "राहू दे, मला हात बघावा लागत न्हाई. तोंडावरनं माप सांगते म्या." बायका कौतुकानं हसल्या. पोरगी सुटली, मीही सुटले. आईच्या हातावरून अंदाज बांधून मी चुडा आणला, आणि तो एक माप लहान निघाला.

मोठ्या मापाच्या हिरव्या बांगड्या घरी होत्या. मळ्यापासून म्हसवड काही परदेश नाही. माणूस सायकलवर पाठवला असता तर तासाभरात आणून दिल्या असत्या. पण मग माप चुकलं असं म्हणावं लागलं असतं.

"माप बरूबर हाय," मी म्हणाले. "हात आखडतीया ती."

नवरीची आई घाबरत म्हणाली, साबणाचं पाणी आणू का वाटीत. मी तिच्याकडे बघितलंच नाही. म्हणाले, "साबण लावून बांगडी भरायची तर मला कशाला बोलावलं? ती काय कापडं हाईत धुवायची?"

कुंदा माझ्या मागे टोपलीपाशी बसली होती. ती पुढे वाकली आणि माझ्या कानाशी हळू म्हणाली, "आत्याबाई, मी बघू का जरा?"

"तू टोपली सांभाळ," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "घाई झाली असंल तर सांग, मरून दावते."

बायका पुन्हा हसल्या, पण आता थोड्याच. कुंदानं टोपलीवरचं फडकं उगाच नीट केलं.

तिसरी बांगडी तर हाडापर्यंतही पोचली नाही. मी ती इतकी आवळून धरली होती की माझ्या बोटांतच तिचे तुकडे झाले. आणि मग मी ते बोलले. मी हौसाचा हात बाजूला सारला आणि म्हणाले, "मी तरी काय करू? हिच्या हातातच खोट हाय. असल्या हातात काच टिकायची न्हाई."

हळदीच्या दिवशी, नवरीला, कासारणीनं. ज्या बाईच्या हातात काच टिकत नाही तिचं काय झालेलं असतं ते सांगायला लागत नाही. मला ते तसं म्हणायचं नव्हतं. मला फक्त माझ्या हातावरून सगळ्यांची नजर काढायची होती. पण तोंडातून गेलं. हौसाच्या आईनं पदर तोंडाला लावला. चुलीकडे भाकऱ्या थापत होत्या त्या बायकांचे हात थांबले ते सोप्यात ऐकू आलं.

तेव्हा हौसा बोलली. सकाळपासून पहिल्यांदा.

"आई, मला समद्यांदेखत हात दाखवायची लाज वाटती," ती म्हणाली. "म्हणून आखडतुया माझा हात. मावशींचा काय दोष न्हाई. आमा दोघींस्नी आत बसू द्या जरा."

गजराआत्यानं कपाळाला हात लावला, पण अडवलं नाही. आम्ही आतल्या खोलीत गेलो. तिथे देव्हारा होता, कडेला लग्नाची नवी भांडी उपडी घालून ठेवलेली, आणि दुधाच्या घागरींचा वास. कुंदा टोपली घेऊन आत येऊ लागली तशी हौसा म्हणाली, "वैनी, तुमी दाराशी बसा. कुणाला आत येऊ दिऊ नका." कुंदानं माझ्याकडे बघितलं, टोपली ठेवली आणि दार ओढून घेतलं.

हौसा माझ्यासमोर मांडी घालून बसली. तिनं रक्ताचा अंगठा पदरानं पुसला आणि हात माझ्यापुढे धरला. मी काही तो लगेच घेतला नाही.

"कवापासनं हालतोय?" तिनं विचारलं.

"काय?"

"हात तुमचा."

मला एकदम राग चढला. चोरी पकडली गेली की माणसाला राग येतो तसला. मी म्हणाले, "तुझा हात बघ आधी. माझ्या हाताची पंचाईत तुला कशाला? काल जन्मलेली पोर."

"माझा हात तुमच्या हातात व्हता, मावशी," ती म्हणाली. "बघणाऱ्यास्नी न्हाई दिसत. पर ज्याचा धरलाय त्याला कळणार न्हाई व्हय?"

मी उपडी घातलेली भांडी बघत बसले. म्हणजे पहिल्या बांगडीपासून हिला कळत होतं. मी तिला फाळ म्हणाले तेव्हा कळत होतं. तिच्या हातात काच टिकायची नाही म्हणाले तेव्हाही. तिनं एवढं म्हणायचं होतं की मावशी, तुमचा हात हलतोय, आणि सोप्यातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या असत्या. ती ते म्हणाली नाही. उलट सगळ्यांसमोर म्हणाली, मला लाज वाटते.

"आमच्या म्हाताऱ्या आबांचा असाच हालायचा," ती सांगू लागली. सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, हाताकडे बघत होती. "शेवटी शेवटी म्या पाजायची त्यांला चा. ते हात थांबवाया बघायचे, दातओठ खायचे, आन् सारा कप अंगावर. मग म्या म्हणले, आबा, हालतोय तर हालू द्या की. सैल सोडा. तर हालत हालत जायचा तोंडाकडं. सांडायचा थोडा. पर जायचा."

"बांगडी काय चा हाय व्हय?" मी म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

"एक बघा तर. वाढली तर वाढली. माझ्याच हातानं वाढली म्हणू."

हे ती म्हणाली आणि मला माझ्या पांढऱ्या केसांची लाज वाटली.

मी माळेतून बांगडी काढली. तिची चार बोटं एकत्र जुळवली, अंगठा तळव्यात मुडपला, हाताचा पंजा चोळून मऊ केला, जसा माझ्या सासूनं शिकवला होता तसा. बांगडी बोटांवरून अंगठ्याच्या हाडापाशी आणली. आणि इथे माझा पंजा आपोआप आवळायला लागला. "सोडा, सोडा," हौसा हळू म्हणाली, म्हशीला म्हणावं तसं. मी सोडला. हात लागला हलायला. दोन वर्षं ज्याला मुठीत कोंडून ठेवला होता तो माझ्या डोळ्यांसमोर उघडा हलत होता आणि त्याच्याबरोबर बांगडी. एवढी एवढी. ह्या बाजूनं जरा, त्या बाजूनं जरा. मला वाटलं आता तडकते. पण ती तडकली नाही. चाळणीत पीठ कसं हलवता हलवता खाली उतरतं तशी ती त्या हाडावर चढली, वर जराशी डगमगली, आणि पलीकडे उतरून मनगटावर बसली.

आम्ही दोघी तिच्याकडे बघत राहिलो.

माझी सासू बांगडी गोल फिरवत फिरवत चढवायची. दाबायची नाही म्हणायची, खेळवायची. मी तिचं ऐकलं होतं तोवर माझ्या बांगड्या वाढत नव्हत्या. हात हलायला लागला आणि मी दाबायला लागले. आणि जे मी मुद्दाम करायची ते आता हात न सांगता करत होता. हे मला तेव्हा इतकं स्पष्ट कळलं नव्हतं. तेव्हा फक्त दुसरी बांगडी काढली.

चुडा भरून होत आला तेव्हा बाहेर हलगी वाजली. मार्डीची माणसं आली.

हौसा उठायला लागली. मी तिला बसवलं, उरलेल्या दोन चढवल्या. कापलेल्या अंगठ्यावर देव्हाऱ्यातली हळद दाबली. मग आम्ही बाहेर आलो. कुंदानं दार उघडलं तेव्हा तिनं आधी हौसाच्या मनगटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा टोपली उचलली.

सोप्यात जाजम टाकलं होतं. मार्डीच्या बायका बसल्या होत्या आणि मधे नवऱ्याची थोरली चुलती, भामाबाई. उंच, हाडकुळी बाई, नाकात मोठी नथ. उष्ट्या हळदीचं ताट तिच्यापुढे होतं पण तिनं अजून त्याला हात लावला नव्हता. आम्ही आत असताना कुणीतरी तिच्या कानाशी लागलं होतं हे मला तिच्या बसण्यावरूनच कळलं. लग्नघरात असली बातमी पाहुण्यांचे पाय धुवायच्या आत पोचते.

"ये, पोरी," ती म्हणाली. हौसा पुढे जाऊन बसली. भामाबाईनं तिचा हात उचलला, उलटा केला, सुलटा केला. म्हणाली, "चुडा तर छान बसलाय. पर तीन वाढल्या म्हणं." मग ती माझ्याकडे वळली. आवाज अजिबात चढवला नाही. "आन् कासारीणबाई म्हणाल्या म्हणं, हिच्या हातात काच टिकायची न्हाई. आमचा एकुलता पुतण्या हाय, बाई. काय ते आमाला बी सांगा. हळद लावायच्या आधी सांगा."

हौसाची आई जागच्या जागी बसली. हौसा माझ्याकडे बघत नव्हती. तिला मी काय बोलणार याची खात्री नव्हती आणि ती माझ्याकडे काही मागणारही नव्हती.

मला सोपा मार्ग होता. माप लहान पडलं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. माझ्या तोंडावर आलंही होतं. पण माप लहान पडलं म्हटलं तरी हात मोठा राहतोच, आणि बोललेलं त्या हाताला चिकटून मार्डीला जाणार. उद्या नवऱ्याला ठेच लागली तरी सासरच्या बायका म्हणणार, कासारीण म्हणालीच होती.

मी पदराखालून हात बाहेर काढला. कोपराशी चढवलेल्या माझ्या बांगड्या खाली ओढल्या, मनगटावर आणल्या. आणि हात सगळ्यांच्या समोर पुढे धरला.

तो इतका कधीच हलला नव्हता. बांगड्या वाजायला लागल्या. सोप्यात दुसरा आवाज नव्हता. मी काही न करता माझ्या बांगड्या वाजत होत्या आणि देवापूर, मार्डी दोन्हीकडच्या बायका ऐकत होत्या. गजराआत्यानं मान खाली घातली. तिनं ती घातली नसती तर बरं झालं असतं.

"खोट हिच्यात न्हाई, वैनी," मी म्हणाले. "ह्यात हाय. दोन वर्सं झाली. माझ्या हातानं वाढल्या आन् माझ्या जिभेनं हिच्यावर घातल्या. पोरीला समदं ठावं व्हतं, ती बोलली न्हाई. आता ज्याला जे म्हणायचं ते मला म्हणा."

भामाबाईनं माझा हात बघितला. मग तिनं हौसाच्या मनगटावरची एक बांगडी बोटानं फिरवून बघितली. ती जेमतेम फिरली.

"हा चुडा कुणी भरला? सुनंनं?"

"म्याच."

"ह्या हातानं?"

"ह्याच."

भामाबाईनं हळदीचं ताट जरा बाजूला सरकवलं आणि स्वतःचा डावा हात माझ्यापुढे टाकला. बोटांच्या सांध्यांना आवळ्याएवढ्या गाठी आल्या होत्या. मनगटात काचेच्या जुन्या, फिक्या पडलेल्या बांगड्या होत्या, काढता न येणाऱ्या. "वाताची गाठ हाय," ती म्हणाली. "सणाला कासार येतो, हात बघतो आन् म्हणतो, काकू, पुढच्या वर्षी. भरा दोन. वाढली तर म्हणीन माझ्याच हाताची खोट."

चेष्टा करत होती का परीक्षा बघत होती, अजून मला सांगता येणार नाही. मी कुंदाला मोठ्या मापाची बांगडी मागितली. नवरीसाठी मोठ्या मापाच्या हिरव्या नव्हत्या तरी बायकांना भरायला इतर रंगांच्या आणलेल्या होत्या. कुंदानं जांभळी काढून दिली. मी भामाबाईचा हात मांडीवर घेतला आणि माझा हात सैल सोडला. सगळ्यांसमोर. हलू दिला. बांगडी गाठीपाशी गेली, थांबली, कुरकुरली. मग ती एका गाठीवरून उतरली, दुसरीवर चढली. भामाबाईचा चेहरा हलला नाही. दुसरीही तशीच गेली.

तिनं हात वर करून दोन्ही बांगड्या वाजवून बघितल्या. "मार्डीला येत जावा," म्हणाली. मग ताट ओढलं, हळद बोटावर घेतली आणि हौसाच्या गालाला लावली. हलगीवाल्याला कुणीतरी आवाज दिला.

चुडा भरून झाला की नवरी कासारणीच्या पाया पडते. हौसा पडायला वाकली तेव्हा मी मागे सरले. सगळ्या जन्मात कुणाला पाया पडायला नको म्हणाले नव्हते, त्या दिवशी पाय मागे गेले. ती वाकलीच. डोक्यावर हात ठेवावा लागतो. ठेवला. तिच्या केसांवर तो हलत राहिला आणि आशीर्वादाचे ठरलेले शब्द मला आठवले नाहीत.

घरी जाताना मी आणि कुंदा बैलगाडीत मागे बसलो होतो. ती टोपलीतल्या बांगड्यांच्या माळा सारख्या करत होती. शेवटी मीच म्हणाले, बोल आता, मन मोकळं कर. मला वाटलं होतं ती म्हणेल, मला भरू दिला असतात तर. ती म्हणाली, "आत्याबाई, मला वर्षापासनं ठावं हाय. तुमचं भांडं वाजतं चहा पिताना. मामंजींनाबी ठावं हाय." मग म्हणाली, "आमी ते फुलपात्र बदललं, जड दिलं तुमाला, लक्षात आलं न्हाई तुमच्या."

सगळं घर माझी लाज झाकत होतं आणि मी एकटी समजत होते की मी झाकते आहे.

पुढे काय झालं ते सांगण्यासारखं फार नाही. दोन घरांनी आम्हाला बोलवणं बंद केलं, हलत्या हाताची बाई शुभकार्याला नको म्हणून. मी त्यांना जे बोलायचं ते बोलले, जीभ काही बदलली नव्हती. नवरीचे चुडे भरायचं काम मी कुंदाला दिलं. पण ज्या बायकांचे हात काम करून करून घट्ट झालेले, सांधे सुजलेले, हाड मोडून वाकडं जुळलेलं, ज्यांना कासार म्हणायचे प्लास्टिकच्या घाला, त्या माझ्याकडे यायला लागल्या. मार्डीहून, दहिवडीहून यायच्या. पालात माझ्यापुढे बसायच्या आणि लाजत लाजत हात पदराखालून काढायच्या. मी आधी माझा काढून दाखवायची. आता बांगड्या कोपराशी चढवत नाही. मी पालाकडे येतेय ते बांगड्यांवरून लांबूनच ऐकू येतं, असं कुंदा म्हणते.

हौसा वर्षातून एकदा येते. दोन पोरं झाली, दोघांनाही तिच्यासारखेच रुंद पंजे. आली की हात सरळ माझ्या मांडीवर टाकते, कोण बघतंय हे बघत नाही.

एकदा पालात गर्दी नव्हती तेव्हा मी तिला विचारलं. इतकी वर्षं विचारायचं टाळलं होतं. म्हणाले, "त्या दिवशी तू गप का बसलीस गं? एवढं तुला लागंल असं बोलले. फाळ म्हणाले, काय न्हाई ते म्हणाले. तू एका शब्दानं माझी पत घालवली असतीस."

ती तिच्या हातातल्या बांगडीकडे बघत होती, मी चढवत होते ती.

"तुमी मला फाळ म्हणाला न्हाई का," ती म्हणाली, "तवा तुमचा हात लई जोरात हालला. आन् ते काचंचं बोलला तवा तर धरवंना तुमाला. म्हणलं, आपल्यापरीस ह्यांनाच जास्त लागाया लागलंय."

बांगडी हाडावर आली होती. मी हात सैल सोडला.